थोरला जावई आणि जुना पायथॉन

पंकज वेखंडेला सासुरवाडीत सगळे कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणत, आणि यात त्याचा काही गुन्हा नव्हता. सोयरीक जमवणाऱ्याने ‘मुलगा कॉलेजात कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं आणि ते अक्षरशः खरं होतं. शहापूरच्या एका कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबचा तो सहायक. कुलूप उघडायचं, पंखे लावायचे, तास संपला की माउस जागेवर आहेत ना ते बघायचं, आणि एखादं यंत्र रुसलं तर त्याची समजूत काढायची. पण त्याच्या किन्हवली गावाहून मुरबाडकडे जाता जाता वाटेत कुठेतरी या नोकरीला पदवी चिकटली, आणि चिकटलेली पदवी आपल्या हाताने सोलून काढणारा जावई अजून जन्माला यायचा आहे.

सासुरवाडी म्हणजे मुरबाडच्या अलीकडचं उंबरशेत. जावयाचा मान राखावा तर उंबरशेतने. जावई ओट्यावर दिसला की खुर्चीवरचे वाळत घातलेले कपडे उचलले जातात, पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळतं आणि घरातली शहाणी माणसं गप्प होतात. जावयाला त्याची चूक तोंडावर सांगायची नाही, हा तिथला कायदाच. त्याने आमटी समजून भातावर रस्सा घेतला, की ‘आमीपन असंच खातो’ म्हणून सगळं घर भातावर रस्सा घेतं.

अडचण एवढीच होती की जावई दोन होते.

थोरला जावई भाविकशेठ. भिवंडीकडचा. त्याच्या वडिलांच्या भातशेतीवर आता गोडाऊनं उभी होती, आणि त्या गोडाऊनांएवढीच त्याची गाडी होती. दामिनीची थोरली बहीण सोनाली त्याला दिलेली, त्यामुळे पहिला पाट त्याचा, पहिला चहा त्याचा, पहिला नारळ त्याचा. पंकजचं सगळं दुसरं. दुसऱ्या चहात साखर तळाशी बसलेली असते. सासरे मामा तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही पंकजशी ‘आलात?’, ‘जेवलात?’ आणि ‘निघालात?’ या तीन शब्दांपलीकडे बोलले नव्हते. भाविकशेठशी मात्र ते माळशेजच्या घाटात दिसलेल्या वाघाबद्दल तासन् तास बोलत.

पंकजला याचं वाईट वाटत नसे, असं तो सांगत असे. दामिनीला वाटे, आणि ती ते सांगत असे. “मला काही गाडी नको,” ती म्हणायची, “पण माझ्या गावात एकदा तरी तुमचं नाव ताईच्या नवऱ्याच्या आधी घेऊ दे. एकदाच.”

तर यंदा ती वेळ आली. उंबरशेतच्या मंडळाचे दरवर्षी टेनिस बॉलचे सामने होतात. मेहुणा रितेश हा मंडळाचा अध्यक्ष. यंदा सामने मोबाइलवर थेट दाखवायचे आणि कोपऱ्यात टीव्हीसारखा चकचकीत स्कोर दिसला पाहिजे, असं पोरांच्या मनात आलं. कारण गावची निम्मी पोरं कामासाठी बाहेर, कुणी सुरतेला, कुणी दुबईला. त्यांना घरबसल्या बघता यावं. रितेश जेवताना हे सांगत होता, आणि पंकजच्या तोंडून, घास गिळायच्या आधीच, शब्द निघाले, “त्यात काय आहे! स्कोरचं मी करतो.”

“खरंच, भावजी? मग यंदा बक्षीस वाटायला पयला नाव तुमचा!”

स्वयंपाकघरात दामिनीच्या हातातलं भांडं पडलं. भाविकशेठने पंकजकडे पाहिलं. मामांनी चौथा शब्द उच्चारला. ते म्हणाले, “असं?”

इथवर सगळं बरं होतं. माणसाने इथेच थांबून आजारी पडायला हवं होतं.

पहिला प्रश्न लॅपटॉपचा. कॉलेजात एक जुना लॅपटॉप होता, तो कागदोपत्री ‘निर्लेखित’ व्हायचा होता. निर्लेखित म्हणजे फेकायला योग्य, पण फेकायला समिती लागते, आणि समितीची सभा कोरमअभावी तहकूब होत आलेली. त्यामुळे तो ना धड चालू वस्तूंत ना मेलेल्यांत. मुख्य लिपिक हेतल मॅडमनी तो पंकजला ‘निगराणीखाली’ घरी न्यायची तोंडी परवानगी दिली आणि निगराणी या शब्दाचा अर्थ दोनदा समजावून सांगितला. त्यात विंडोज नव्हतं. जुन्या यंत्राला झेपावं म्हणून लिनक्स होतं, आणि त्याचा मुख्य पासवर्ड एकट्या हेतल मॅडमना माहीत होता.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, पंकजलाही सगळं कळलेलं नाही. कुणा भल्या माणसाने क्रिकेटचा स्कोरबोर्ड दाखवणारा एक प्रोग्राम तयार करून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. तो चालायला पायथॉन नावाची चीज लागते. (पायथॉन म्हणजे अजगर. यावरचे सगळे विनोद उंबरशेतच्या पोरांनी त्या दिवशी करून संपवले, त्यामुळे आपल्याला करायला उरलेले नाहीत.) लॅपटॉपच्या जन्मापासून त्यात जो पायथॉन होता तो जुना. स्कोरबोर्डला नवा हवा. नवा बसवायला मुख्य पासवर्ड हवा, म्हणजे हेतल मॅडम आल्या, म्हणजे अर्ज आला. म्हणून पंकजने व्हर्जन मॅनेजर नावाचा एक प्रकार आणला. हा गृहस्थ कुणाची परवानगी न मागता आपल्या खोलीपुरता नवा पायथॉन आणून ठेवतो, आणि ‘पायथॉन!’ अशी हाक आली की जुन्याला मागे सारून नव्याला पुढे ढकलतो.

किन्हवलीच्या घरात हे झकास चाललं. पंकज काळी खिडकी उघडायचा, दोन ओळी टाइप करायचा, आणि स्कोरबोर्ड हजर. शेजारचे धाकलूकाका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, रोज येऊन बघत आणि रोज तोच सल्ला देत, “ते सगलं ठीक हाय, पन अडलं तर बंद करून चालू कर. आमी गाडीला हेच करायचो.” पंकज मोठेपणाने हसायचा. पुढे जे झालं त्यात बंद करून चालू करणं हाच एक सल्ला निरुपद्रवी होता.

सामन्यांच्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीने निघाली. खिडकीशी दामिनी, तिच्या मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर टॉवेल. तिने नवी साडी नेसली होती. एरवी उंबरशेतला जाताना ती वाटेत झोपायची; त्या दिवशी ती सबंध वाट जागी राहिली.

मैदान म्हणजे कापणी झालेली भाताची शेतं. बांध काढून रोलर फिरवलेला, कडेला मंडप, मंडपात टेबल, टेबलावर पांढरी चादर. माइकवर गणू. गणूला क्रिकेट कळत नसे, पण उपस्थितांची नावं कळत, आणि गावच्या सामन्यात दुसरंच जास्त लागतं. “आपल्या गावचे जावई, सुप्रसिद्ध कॉम्प्युटर इंजिनिअर पंकजशेठ यांचं आगमन झालेलं आहे!” त्याने पुकारलं. पंकजची मान ताठ झाली. लगेच पुढे, “आणि त्यांच्याआधीच उपस्थित असलेले आपले ज्येष्ठ जावई भाविकशेठ!” मान थोडी खाली आली.

पंकजने काळी खिडकी उघडली. दोन ओळी टाकल्या. स्कोरबोर्ड आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. इतिहास इथे संपला असता, पण रितेश म्हणाला, “भावजी, हे टायपिंग नको. तुमी जेवायला उठलात तर आमी काय करायचा? एक बटन करून द्या. दाबला की चालू.”

जावई म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. पंकजने पडद्यावर एक सुबक चित्र तयार केलं, बॅट आणि बॉलचं, आणि त्यावर टिचकी मारली. काहीच झालं नाही. पुन्हा मारली. एक चौकोन उगवला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा मथितार्थ असा, की तुमचा पायथॉन फार जुना आहे, आम्ही याच्याबरोबर काम करत नाही.

काळ्या खिडकीतून हाक मारली तर नवा येत होता. चित्रावर टिचकी मारली तर जुना येत होता. कारण चित्रवाल्याला व्हर्जन मॅनेजरची ओळखच नव्हती. तो आपल्या सवयीने मुख्य दारात जाऊन हाक मारी, आणि मुख्य दारात वर्षानुवर्षं जुनाच उभा. याला साधा उपाय होता. चित्राला नव्याचा पूर्ण पत्ता लिहून द्यायचा, बस्स. पंकजला तो माहीतही होता. पण मंडपात विचार करायला सवड मिळेल तर शपथ. कुणी म्हणालं उन्हात ठेवा, कुणी म्हणालं तांदळाच्या डब्यात ठेवा, आमच्या पोराचा फोन तसाच सुधारला. बाईजा आत्या मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि लॅपटॉपवरून ओवाळून गेली. दोन मोहऱ्या कीबोर्डात पडल्या.

मग भाविकशेठ खुर्ची सरकवून जवळ आला. “काय झाला?”

“आत दोन पायथॉन आहेत. एक जुना, एक नवा. हाक मारली की कधी हा येतो, कधी तो.”

“मग जुना काढून टाक.”

“तसं करायचं नसतं, भाविकशेठ. जुन्यावर लॅपटॉपचीच कितीतरी कामं चालतात. त्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.”

हे वाक्य पंकज वेखंडे याने चारचौघांत, शुद्धीवर असताना उच्चारलं, याला साक्षीदार आहेत. आणि ते उच्चारून तो चित्राचा पत्ता दुरुस्त करायला वळलाही होता. पण तेवढ्यात गणू माइकवर कडाडला, “मंडळी, किंचित तांत्रिक अडचण आलेली आहे, परंतु काळजी नसावी! आपले ज्येष्ठ जावई भाविकशेठ यांच्या मार्गदर्शनाखाली पंकजशेठ दुरुस्ती करत आहेत!”

मार्गदर्शनाखाली! पंकजने बायकांच्या बाजूला पाहिलं. सोनालीताई कौतुकाने हसत होती. दामिनी चटईकडे बघत होती. म्हणजे इथेही, कॉम्प्युटरच्या कामातही, नाव दुसरंच. त्याच्या कानशिलाशी काहीतरी तापलं, आणि ज्या डोक्यात पहिला नियम होता त्याच डोक्याने ठरवलं, की भाविकशेठने पुन्हा तोंड उघडायच्या आत आपणच जुना काढायचा आणि ती आपली कल्पना म्हणून जाहीर करायची.

त्यासाठी मुख्य पासवर्ड हवा. हेतल मॅडम रजेवर होत्या, पण फोनवर कामावर होत्या.

“पासवर्ड तोंडी देता येत नाही,” त्या म्हणाल्या. “अर्ज करा.”

“मॅडम, मैदानात आहे.”

“व्हॉट्सअॅपवर करा. विषय घाला.”

पंकजने मंडपात उभ्याउभ्या अर्ज टाइप केला. ‘विषय: पासवर्ड मिळणेबाबत.’ उत्तर आलं, ‘कारण नमूद नाही.’ त्याने कारण नमूद केलं, ‘ग्रामहित.’ थोड्या वेळाने अंगठा आला, मग पासवर्ड आला, मग ‘वापरानंतर विसरून जाणे’ असा शेरा आला. एखादं सरकारी काम इतक्या चटकन झालं की समजावं, पुढे खड्डा आहे.

पंकजने जुना पायथॉन काढायचा हुकूम दिला. लॅपटॉपने सज्जनपणे सांगितलं, की याच्याबरोबर पुढील गोष्टीही जातील, आणि नावांची एक रांग सोडली. ती वर वर सरकतच राहिली. शेवटी त्याने विचारलं, नक्की का? एवढं नम्रपणे त्या दिवशी पंकजला दुसऱ्या कुणीच काही विचारलं नव्हतं. त्याने ‘हो’ म्हटलं. लॅपटॉप कामाला लागला आणि काम संपवून थांबला. चित्रावर टिचकी मारण्याआधी, धाकलूकाकांची आठवण होऊन, त्याने तो बंद करून चालू केला.

पडदा काळा. बॅट-बॉलचं चित्र गेलं. सगळीच चित्रं गेली. खिडक्या गेल्या, मागचं हिरव्या डोंगराचं दृश्य गेलं, माउसचा बाणही गेला. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

मंडपात कुणीही काही म्हणालं नाही. जावई आहेत, काळा करायचा असेल त्यांना. रितेशने पंखा पंकजकडे वळवला. सासूबाईंकडून, म्हणजे मामी धोंडूबाईंकडून, चहा आला. मामा लांबून बघत होते, आणि त्यांच्या ओठांवर चौथा शब्द पुन्हा जुळत होता.

पंकजने चहाला हात लावला नाही. लॅपटॉप कॉलेजचा होता ही एक गोष्ट. पण त्याला दिसत होती ती एसटीतली दामिनी, टॉवेलवर हात ठेवून बसलेली. आता तिला पुढची कितीतरी वर्षं या गावात ‘आमचे दुसरे जावई, लॅपटॉपवाले’ असं ऐकावं लागणार होतं, आणि तेसुद्धा पाठीमागे, कारण तोंडावर कुणी बोलणारच नाही.

काही सुचेना म्हणून त्याने त्या लुकलुकत्या रेघेपाशी आपलं नाव टाइप केलं. लॅपटॉपने पासवर्ड विचारला. म्हणजे आत कुणीतरी जिवंत होतं! त्याने आपला रोजचा पासवर्ड दिला आणि सवयीने त्या घरच्या दोन ओळी टाकल्या. आणि स्कोरबोर्ड चालू झाला! जुना पायथॉन जाताना सगळं घर घेऊन गेला होता. पण व्हर्जन मॅनेजरने नव्याला ठेवलं होतं पंकजच्या स्वतःच्या खोलीत, आणि ती खोली शाबूत होती.

नुसता चालून उपयोग नव्हता, दिसायला हवा होता. लॅपटॉपवर दिसायची सोय उरली नव्हती. पण फोन वायरने जोडला तर फोनवर दिसेल, आणि तोच फोन मैदानाकडे धरला तर थेट प्रक्षेपणही होईल. पंकजचा फोन एवढं काम सांगितलं की गरम होऊन झोपी जाई. रितेशचा फुटलेला. मंडपात असा दमदार फोन एकाच्याच खिशात होता.

“भाविकशेठ,” पंकज म्हणाला. ते एक नाव उच्चारायला त्याला जेवढे कष्ट पडले तेवढे सबंध दिवसात पडले नव्हते. “जरा फोन देता?”

भाविकशेठने फोनकडे आणि मग पंकजकडे पाहिलं. “देतो. पन मी फोनला सोडून जानार नाय.”

तेव्हापासून दोन्ही साडू वीतभर वायरीच्या दोन टोकांना बसले. फोन तिवईवर, मैदानाकडे तोंड करून; पंकज काळ्या पडद्यावर धावा टाइप करतोय; भाविकशेठ फोनची राखण करतोय. गंमत म्हणजे रंगीत चित्रं होती तेव्हा पंकजकडे कुणी फारसं बघत नव्हतं. काळ्यावर पांढरी अक्षरं पडायला लागल्यावर पोरं मागे गर्दी करून उभी राहिली. “हां, आता खरा इंजिनिअर वाटतो,” एकजण म्हणाला.

सामने रंगले. गणूचा भोंगा मैदानाच्या पलीकडे तोंड करून गर्जत होता. मंडपाच्या कोपऱ्यात मात्र शांत होतं, आणि इतकी वर्षं ज्यांनी एकमेकांशी पाऊसपाण्यापलीकडे बोलणं केलं नव्हतं ते दोघे हळूहळू बोलायला लागले. एका वायरीने बांधल्यावर माणूस किती वेळ गप्प बसणार?

“पन मला एक सांग,” भाविकशेठ म्हणाला. “जुना काढल्यावर सगला गेला कसा?”

“कॉम्प्युटर शोधत बसत नाही हो, कोण लायक आणि कोण नालायक. हाक मारली की ठरलेल्या दारात जो पहिला उभा असेल त्यालाच तो मान देतो. जुना वर्षानुवर्षं तिथे उभा. घरातली सगळी कामं त्याच्या नावावर. मी त्याला हाकललं, आणि कामं त्याच्याबरोबर गेली.”

भाविकशेठने तिवईवरचा फोन जरा सरळ केला. एक षटकार गेला. पंकजने सहा टाइप केले.

“म्हंजे जुना पायथॉन मी?”

“तसं नाही...”

“तसंच हाय. आनि तू खोलीतला नवा.”

“हो,” पंकज म्हणाला, आणि दोघेही हसले.

मग बांध फुटला. भाविकशेठ म्हणाला, “पयल्या मानात तुला काय सुख दिसतं रे? मामांचा तो वाघ मी ऐकतोय. दर वर्षी वाघ एक हात लांब होतो. आनि बकरा कापला की मुंडी पयली माझ्या ताटात. मला मुंडी बघवत नाय, ती माझ्याकडं बघते. मी ती हळूच कुत्र्याला घालतो.” पंकज म्हणाला, “आणि मामींचे लाडू? रितेशने बॉल हरवला तर एक देता येईल.” मग चहात साखर किती असते हे निघालं. मग सोनालीताई गाडीत बसल्यावर ‘दामिनीच्या नवऱ्याशी जास्त बोलू नका, तो हुशारी दाखवतो’ असं बजावते, हे निघालं. मग दामिनी भाविकशेठला घरी ‘हॉर्न’ म्हणते, हे निघालं. भाविकशेठला तेही आवडलं.

“खरं सांगू?” पंकज शेवटी म्हणाला. “मी इंजिनिअर नाही. लॅबचं कुलूप उघडतो आणि पंखे लावतो. हा लॅपटॉप मी माझ्या हाताने मोडला, तुमच्याआधी माझं नाव यावं म्हणून. दामिनीला एकदा तरी ऐकायचं होतं. तिच्यासाठी हो. आणि थोडं माझ्यासाठी.”

“च्यायला,” भाविकशेठ हळू आवाजात म्हणाला, “एवढंच ना? घे की.”

त्या दिवशी उंबरशेतने जावयांची जी बडदास्त ठेवली तिला तोड नव्हती. साखरेची तक्रार झाली, तर पुढचा चहा बिनसाखरेचा आला. खुर्ची कुरकुरते असं पंकज पुटपुटला, तर मुकाट्याने दुसरी खुर्ची आली. लाडवांचा विषय निघाल्यावर तर घरून पातळ शेवयांची खीर आली. “बघा,” पंकज म्हणाला, “सासुरवाडीला मनातलं कळतं.” मैदानातले क्षेत्ररक्षक अधूनमधून विनाकारण हसत होते, आणि बाईजा आत्या मंडपाकडे बघून पदर तोंडात कोंबत होती; पण सामन्याच्या आनंदात माणसं काहीही करतात.

अंतिम सामना संपला. चादर झटकली, चषक मांडले. बायका पुढे येऊन बसल्या. दामिनी पहिल्या रांगेत होती. गणूने घसा साफ केला, पण माइक त्याच्या हातून मामांनी घेतला. मामा कधी माइकवर बोलले नव्हते.

“मंडली,” मामा म्हणाले, “आज सामने सगल्यांनी पाह्यले. सुरतेला पाह्यले, दुबईला पाह्यले. आमच्या घरी टीव्हीवर मामींनी पाह्यले. चित्र चांगला होता. गनूच्या माइकची वायर त्या लॅपटॉपात लावायची होती, ती काय लागली नाय. म्हनून गनूचा आवाज गेला नाय.”

त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

“फोनजवळ जे बसले होते त्यांचा गेला.”

पंकजने तिवईवरच्या फोनकडे पाहिलं. फोन अजून चालू होता. भाविकशेठचा हात त्याच्या गुडघ्यावर येऊन घट्ट बसला.

“सकालधरनं गेला, हितं सगल्यांच्या मोबाइलवर बी,” मामा शांतपणे म्हणाले. “आमी मधी बोललो नाय. जावई बोलत असताना मधी बोलायची आमच्यात पद्धत नाय. वाघ तेवढाच होता, जेवढा मी सांगतो. मामींनी लाडवांचा डबा आत ठेवला हाय, तो आता निघनार नाय. भाविकशेठना मुंडी आवडत नाय हे त्यांनी सांगायचं होतं. कुत्रा उगीच माजला.”

मैदान हसून लोळायला लागलं होतं. मामा हसले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि हसणं थांबेपर्यंत तो तसाच धरला.

“एक गोष्ट मी नवी ऐकली. आमचे धाकले जावई इंजिनिअर नायत. आमाला कुनी सांगितला नाय, आमी विचारला नाय. पन मोडलेला चालवून दाखवायला आनि खरा बोलायला बी काय तरी लागतं. तर यंदाचा बक्षीस ज्यांच्या हस्ते द्यायचा, त्यांचा नाव मी घेतो. पयला नाव.” मामांनी माइक तोंडाशी नेला, आणि भोंगा पार मुरबाडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढला. “श्रीयुत पंकज वेखंडे! किन्हवली! लॅबमधी कुलूप उघडनारे!”

इतकी वर्षं ज्या हाकेची वाट पाहिली ती हाक आली, आणि पंकजला टेबलाखाली जागा असती तर तो तिथे जाऊन बसला असता. त्याचे कान लाल झाले होते. त्याने दामिनीकडे पाहिलं. ती उठून त्याच्यापाशी आली होती.

“तुला ऐकू येत होतं?” तो कसाबसा म्हणाला.

“सगळं.”

“मग येऊन सांगितलं नाहीस?”

“माझ्यासाठी म्हणालात ना तुम्ही, तिथवर ऐकलं,” दामिनी म्हणाली. “मग म्हटलं, बोलू दे. उठा आता. पहिलं नाव तुमचं घेतलंय, आणि रात्रीची मुंडीही तुमचीच आहे.”

पंकज उठला आणि चषकांकडे चालू लागला. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, पण त्यातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या भाविकशेठच्या होत्या.